सांगितलं, आणि दुरुस्त झालं: कामाच्या जागी सुरक्षेसाठी मोबाइल कसा वापरावा

६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर एक पंप बंद पडला. शेजारचा पंप दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला होता, पण त्याचं काम सुरू झालेलं नव्हतं, म्हणून तोच चालू करायचं ठरलं. त्या पंपाच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढून नेलेला होता आणि तिथे नुसती ब्लँक फ्लँज, म्हणजे पाइपचं तोंड झाकणारी धातूची चकती, लावलेली होती. व्हॉल्व्हच्या कामाचं परमिट (काम करायची लेखी परवानगी) वेगळं होतं आणि ते रात्रपाळीला ठाऊकच नव्हतं. पंप सुरू झाला, गळती झाली, स्फोट झाला. १६७ माणसं गेली.

माहिती होती. कागदावर होती, सहीसकट होती. ज्याचा हात बटणावर होता, त्याच्यापाशी ती नव्हती.

मोबाइल सुरक्षेसाठी काय करू शकतो, असं कुणी विचारलं की मी हीच घटना सांगतो. फोनकडून दोन कामं करून घ्यायची आहेत. ज्याला धोका दिसतो त्याचा शब्द वरपर्यंत न्यायचा, आणि ज्याला माहितीची गरज आहे त्याच्या हातात ती वेळेवर द्यायची. यात तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते, ती म्हणजे सांगणाऱ्याला परत उत्तर देणं. माझ्या अनुभवात धोक्यांच्या नोंदी घेणारं अॅप याच ठिकाणी मरतं, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

‘सुरक्षा संस्कृती’ हा शब्दप्रयोग १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर अणुऊर्जेच्या क्षेत्रातून रूढ झाला. शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, त्याचा अर्थ अगदी साधा आहे. कालच कामावर आलेल्या हेल्परला मशीनचा गार्ड (संरक्षक झाकण) सैल दिसला, तर तो बोलतो का? आणि बोलला, तर पुढे काय होतं?

पायरी १: अॅप शोधण्याआधी दोन आठवडे ऐका

सगळे सुरुवात डेमो बघण्यापासून करतात. तुम्ही तसं करू नका. दोन आठवडे रोज अर्धा तास, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये, कामाच्या जागी जाऊन उभे राहा आणि एकच प्रश्न विचारा: “इथे तुम्ही कधी थोडक्यात वाचलात?” वही उघडू नका, आधी नुसतं ऐका. थोड्याच दिवसांत तीन-चार गोष्टी अशा निघतील, ज्या सगळ्यांना माहीत आहेत, सगळे रोज टाळून जातात आणि कुणीही लिहून दिलेल्या नाहीत. आंधळ्या वळणावर फोर्कलिफ्ट येते. कंट्रोल पॅनलसमोर पाणी साचतं. वरच्या वाल्व्हपर्यंत पोचायला शिडी नाही म्हणून माणसं पाइपवर चढतात.

त्यातली एक गोष्ट अॅप सुरू करायच्या आधीच दुरुस्त करा, सगळ्यांना दिसेल अशी. हे केलं नाही, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या ‘वरून आलेली नवी टूम’ ठरतील. २०१८ मध्ये आलेलं आयएसओ ४५००१ हे कामाच्या जागच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानकही कामगारांचा सल्ला आणि सहभाग स्पष्टपणे मागतं. साधन निवडताना वेल्डर, ड्रायव्हर, सफाई कर्मचारी असे तिघं-चौघं सोबत बसवा. ज्यांना हातमोजे काढून फोन धरायचा आहे, त्यांनाच खरी अडचण कळते.

पायरी २: फोन कुठे चालणार नाही, ते आधी ठरवा

सुरक्षेसाठी दिलेला फोन स्वतःच धोका होऊ शकतो. चालती फोर्कलिफ्ट, क्रेनची केबिन, शिडी, जिना, फिरतं मशीन या ठिकाणी फोन हातात नको. नियम एका ओळीत मावला पाहिजे: थांबा, बाजूला व्हा, मग काढा. उभं राहायच्या सुरक्षित जागा जमिनीवर रंगवून दाखवल्या तर नियम पाळणं सोपं जातं.

एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. ऑपरेटर चालत्या मशीनवर फोन उचलतो, तेव्हा पुष्कळदा पलीकडे त्याचाच सुपरवायझर असतो. त्यामुळे नियमाची पहिली ओळ वरिष्ठांसाठी लिहा: मशीनवर असलेल्या माणसाला फोन करायचा नाही, त्याच्यापर्यंत चालत जायचं किंवा त्याच्या ब्रेकची वाट पाहायची.

ज्वलनशील वायू, वाफ किंवा धूळ असते तिथला नियम आणखी कडक. अशा जागांचं झोनमध्ये वर्गीकरण केलेलं असतं, वायूसाठी ०, १, २ आणि धुळीसाठी २०, २१, २२. तिथे साधा फोन नेऊच नये. त्या झोनसाठी प्रमाणित केलेलं, ठिणगी पडू न देणारं उपकरणच चालतं. रबरी कव्हर घातल्याने साधा फोन सुरक्षित होत नाही. असं उपकरण नसेल तर फोन झोनच्या बाहेर ठेवायचा आणि नोंद बाहेर येऊन करायची.

फोन कुणाचा, हाही प्रश्न लगेच येतो. कामगाराचा स्वतःचा फोन वापरायचा असेल तर डेटा, बॅटरी आणि जागा त्याची खर्च होते, हे लक्षात ठेवा. त्याच्या फोनमधले कॉन्टॅक्ट, गॅलरी किंवा सतत लोकेशन मागणारं अॅप निवडू नका. मला सोयीचा वाटलेला मार्ग असा: प्रत्येक विभागात शिफ्टसाठी एक सामाईक फोन, आणि जागोजागी क्यूआर कोडचे स्टिकर. स्वतःच्या फोनने स्टिकर स्कॅन केला की साधा फॉर्म उघडतो, काही डाउनलोड करावं लागत नाही. क्यूआर कोडचा जन्मच मुळी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी झाला, त्यामुळे कारखान्यात तो अगदी घरचा आहे. शिवाय कोडमध्येच जागेचं नाव असल्यामुळे ‘कुठे’ हे वेगळं लिहावं लागत नाही. जाड भिंतींच्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये जीपीएसवर भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा ही सोय मोठी आहे.

पायरी ३: फॉर्म एका मिनिटात संपला पाहिजे

फोटो, जागा आणि एक वाक्य. बस्स. धोक्याचा प्रकार, तीव्रता, मूळ कारण, सुचवलेला उपाय हे सगळं नंतर नोंद हाताळणाऱ्याने भरायचं. मी एकदा बावीस रकान्यांचा फॉर्म वापरात आणलेला पाहिला. तो भरायला बसणारा माणूस काम थांबवून बसत होता, आणि दुसऱ्यांदा बसत नव्हता.

लिहिण्याऐवजी बोलायची सोय नक्की ठेवा. अनेक अनुभवी माणसं लिहायला संकोचतात, पण वीस सेकंदांच्या व्हॉइस नोटमध्ये मशीनचा आवाज कसा बदलला ते नेमकं सांगतात. फॉर्म त्यांच्या भाषेत असावा, आणि शॉपफ्लोअरवर वस्तूला जे नाव आहे तेच फॉर्ममध्ये असावं. रेंज नसताना नोंद फोनमध्ये साठून राहावी आणि रेंज आली की आपोआप जावी. फोटोत माणसाचा चेहरा येऊ नये, वस्तू आणि जागा यावी, हेही पहिल्याच दिवशी शिकवा.

नोंदवायचं काय, हे उदाहरणांनी सांगा. हातोडा वरून पडला, खाली कुणी नव्हतं. इंटरलॉक (गार्ड उघडा असताना मशीन चालू न देणारी सोय) तोडून मशीन चालवलं जातंय. उंचीवर बांधायचा हार्नेस (सुरक्षा पट्टा) आहे, पण तो अडकवायला जागाच नाही. थोडक्यात टळलेला अपघात म्हणजे फुकट मिळालेला इशारा असतो.

इथे अपघातांच्या त्या प्रसिद्ध त्रिकोणाबद्दल बोललं पाहिजे, ज्यात टोकाला गंभीर दुखापत आणि तळाशी टळलेल्या घटना असतात. सुरक्षा अभ्यासक हाइनरिश यांनी १९३१ मध्ये १–२९–३०० असं प्रमाण मांडलं: एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि इजा न झालेल्या ३०० घटना. फ्रँक बर्ड यांनी १९६९ मध्ये १–१०–३०–६०० असं मांडलं: गंभीर दुखापत, किरकोळ दुखापती, मालमत्तेचं नुकसान आणि काहीच नुकसान न झालेल्या घटना. टळलेल्या घटनांकडे लक्ष द्या, हा त्यातला बोध मोलाचा आहे. पण हे आकडे निसर्गनियम नाहीत, आणि किरकोळ दुखापती कमी झाल्या म्हणजे मोठी दुर्घटना टळली, असं मुळीच होत नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगवर २० एप्रिल २०१० रोजी स्फोट होऊन ११ जण गेले. कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत सात वर्षांत झाली नाही, म्हणून कर्मचाऱ्यांचं कौतुक करायला त्याच दिवशी अधिकारी रिगवर आलेले होते.

म्हणून आलेल्या प्रत्येक नोंदीला पहिला प्रश्न लावा: यात जीव जाऊ शकला असता का? उंची, वीज, टांगलेलं वजन, बंदिस्त टाकी, चालती वाहनं, दाब, ज्वलनशील पदार्थ यांपैकी काही असेल, तर नोंदीला लाल खूण करा आणि ती रांगेत सगळ्यात पुढे घ्या. ही खूण नोंद घेणाऱ्याने करायची, पाठवणाऱ्यावर ते ओझं टाकायचं नाही. आणि धोका आत्ता या क्षणी असेल तर फॉर्म भरत बसायचं नाही. काम थांबवायचं, हाक मारायची. फोटो नंतर.

पायरी ४: उत्तर

एका कारखान्यात मी स्वतः अशी व्यवस्था बसवायला मदत केली होती. पहिल्या महिन्यात नोंदींचा पाऊस पडला आणि आम्ही खूश झालो. तिसऱ्या महिन्यात जवळपास काहीच येईना. एका फिटरला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, दोनदा सांगितलं. सांगून काय झालं?” त्याची नोंद पाहिली तर यादीत ती ‘प्रक्रियेत’ अशी उभी होती. खरं तर त्याने दाखवलेली जाळी दुसऱ्या आठवड्यातच बदललेली होती. काम झालं होतं, पण त्याला कुणी कळवलं नव्हतं. त्याची ड्युटी दुसऱ्या टोकाला असल्याने त्याला ती जाळी दिसलीही नव्हती. चूक आमची होती आणि ती महागात पडली, कारण तो फिटर नंतर वर्षभर काही बोलला नाही.

तेव्हापासून मी पुढचा क्रम सोडत नाही.

१. नोंद मिळाल्याचं त्याच शिफ्टमध्ये कळवायचं, आणि माणसाने कळवायचं. यंत्राचा ठोकळेबाज ‘धन्यवाद’ उपयोगाचा नाही. “बघितलं, मी दुपारी येतो” एवढं पुरे.

२. चोवीस तासांच्या आत सांगायचं: कोण करणार, कधीपर्यंत. लाल खूण असेल तर शिफ्ट संपायच्या आत तात्पुरता बंदोबस्त झालाच पाहिजे, मग तो दोर बांधून जागा अडवणं का असेना.

३. काम झालं की दुरुस्तीनंतरचा फोटो ज्याने सांगितलं त्यालाच आधी पाठवायचा.

४. नोंद बंद करायचा अधिकार सांगणाऱ्याचा. त्याने जागेवर पाहून ‘झालं’ म्हटलं, की मगच ती बंद.

५. होणार नसेल तर कारणासकट ‘नाही’ म्हणायचं. “भिंत हलवता येत नाही, पण आरसा आणि वेगमर्यादा लावतो” हे उत्तर माणूस स्वीकारतो. गप्प बसणं तो स्वीकारत नाही.

हे सांभाळायला एक नाव लागतं. ‘सेफ्टी डिपार्टमेंट’ हे उत्तर चालणार नाही. प्रत्येक शिफ्टला एक माणूस, त्याच्या रजेत दुसरा, आणि दोघांच्याही कामाच्या वेळेतून यासाठी मोकळा केलेला रोजचा अर्धा तास. हा अर्धा तास द्यायची व्यवस्थापनाची तयारी नसेल, तर अॅप सुरू करू नका, असं मी स्पष्ट सांगतो. विचारून उत्तर न देणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

दुरुस्ती ठरवतानाही एक पथ्य आहे. प्रत्येक नोंदीचं उत्तर ‘कामगारांना समज दिली’ असं येऊ लागलं, तर काहीतरी बिघडलंय. आधी धोकाच काढून टाकता येतो का पाहा. नाही तर कमी धोक्याचा पर्याय, मग गार्ड किंवा इंटरलॉक, मग कामाची पद्धत आणि सूचना, आणि हेल्मेट-हातमोजे सगळ्यात शेवटी. अॅपमध्ये उपाय नोंदवताना हीच उतरंड पर्यायांच्या क्रमाने ठेवा, म्हणजे लिहिणाऱ्याला वरून खाली यावं लागेल.

पायरी ५: बोलणाऱ्याला इजा होऊ देऊ नका

विमानवाहतुकीकडून इथे शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि इतर कर्मचारी आपल्या चुका आणि टळलेले अपघात एका गोपनीय व्यवस्थेला कळवतात. ती व्यवस्था नियम लावणारी आणि दंड करणारी संस्था चालवत नाही, नासा चालवते. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला जातो, आणि हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीसाठी, ठरलेल्या अटींत, दंडापासून संरक्षण मिळतं. नोंद घेणारा आणि शिक्षा करणारा वेगळे ठेवले, ही त्यातली खरी अक्कल. तुमच्याकडेही पगारवाढ ठरवणाऱ्याच्या फोनवर थेट नोंदी जाऊ नयेत.

निनावी नोंदीची सोय ठेवा, पण खोटं आश्वासन देऊ नका. नंबरवर ओटीपी मागणारा फॉर्म निनावी नसतो, आणि कामगारांना ते बरोबर कळतं. निनावी नोंद करणाऱ्याला उत्तर कसं पोचणार? विभागातल्या फलकावर फोटो लावून.

प्रत्येक चूक माफ, असंही नाही. नकळत झालेली चूक, काम उरकायला सगळेच घेतात तो आडमार्ग आणि जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आधार हवा, दुसरीत आडमार्ग का लागतो ते शोधायचं, कारवाई तिसरीवर. हे एका पानावर लिहून आधीच सगळ्यांना वाचून दाखवा.

बक्षिसांबाबत मी फार सावध असतो. ‘शून्य अपघात’ला बोनस लावला की कापलेलं बोट खिशात लपवलं जातं. ‘दर महिन्याला पाच नोंदी’ असं लक्ष्य दिलं की त्याच सुट्या वायरचे पाच फोटो येतात. ज्याच्या नोंदीमुळे खरोखर काही बदललं, त्याचं त्याच्या परवानगीने सगळ्यांसमोर नाव घ्या.

पायरी ६: माहिती उलट दिशेनेही जाऊ द्या

इथे पायपर आल्फाकडे परत जायचं. फोन किंवा टॅबवर वर्क परमिट असेल, तर एकाच लाइनवर, एकाच टाकीवर किंवा एकावर एक मजल्यांवर चाललेली कामं एकत्र दिसतात. परमिट उघडं असताना कुणी तीच मशीन सुरू करू पाहत असेल, तर ते दिसायला हवं. पण स्क्रीनवरची सही म्हणजे जागेवरची खात्री नव्हे. लॉक लागलंय का, वीज खरंच तुटली आहे का, हे त्या जागी उभं राहूनच तपासायचं. त्यासाठी आयसोलेशनच्या (मशीनचा वीज-दाब तोडण्याच्या) जागेवरचा क्यूआर कोड स्कॅन केल्याशिवाय परमिट पुढे सरकणार नाही, अशी रचना करता येते. शिफ्ट बदलताना दोन्ही सुपरवायझरांनी समोरासमोर, उघड्या परमिटांची यादी हातात घेऊन बोलायचं. यादी फोनवर आहे म्हणून ते बोलणं बंद करू नका.

चेकलिस्टचा रोग सर्वांना माहीत आहे: न बघता सगळीकडे टिक. तीस मुद्दे चाळीस सेकंदांत भरलेले दिसले, तर लगेच नोटीस काढू नका. आधी चेकलिस्ट पाहा. तीसपैकी जीव वाचवणारे मुद्दे सहा-सात असतात. बाकीचे काढा, उरलेल्यांतल्या एक-दोन मुद्द्यांना फोटो मागा, आणि कोणत्या मुद्द्याला फोटो लागेल ते रोज बदलत ठेवा.

टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत, कालच्या शिफ्टचा, तुमच्याच विभागातला फोटो दाखवा आणि “इथे काय होऊ शकलं असतं?” एवढं विचारा. पाच मिनिटं पुरतात. तयार पोस्टरपेक्षा आपल्याच मशीनचा फोटो माणसं जास्त लक्ष देऊन बघतात. जुन्या कारागिराने स्वतः बोलून दाखवलेला मिनिटभराचा व्हिडिओही असाच उपयोगी पडतो.

पायरी ७: एकटा माणूस, इशारे आणि मोजमाप

एकट्याने काम करणाऱ्यासाठी ठरावीक वेळाने ‘ठीक आहे’ दाबायचं अॅप किंवा पडल्यावर आपोआप इशारा देणारं उपकरण चांगलं असतं. प्रश्न एवढाच विचारा: इशारा गेल्यावर कोण धावणार, आणि किती मिनिटांत पोचणार? रंगीत तालीम घेऊन घड्याळ लावा. रेंज नसलेल्या जागा फोन हातात घेऊन चालत शोधा आणि नकाशावर खुणा करा. तळघर, टाक्या, लिफ्टचा खड्डा हे नेहमीचे संशयित. आगीच्या वेळी मेसेज हा भोंग्याचा सोबती, पर्याय नाही.

आवाज किंवा उष्णता मोजणारी अॅप प्राथमिक चाचपणीला ठीक. आठ तासांच्या शिफ्टमध्ये सरासरी ८५ डेसिबलच्या आसपास आवाज दिसला, तर प्रमाणित मीटरने मोजून घ्या.

लोकेशनबद्दल लेखी सांगा: कधी पाहिलं जाईल, कोण पाहील, किती दिवसांनी पुसलं जाईल. सुरक्षेसाठी घेतलेलं लोकेशन चहाच्या सुट्टीची मिनिटं मोजायला एकदा जरी वापरलं, तरी फोन लॉकरमध्ये जातील आणि परत बाहेर येणार नाहीत.

पायरी ८: छोट्याने सुरू करा, आणि शांततेकडे कान ठेवा

एक विभाग, सहा आठवडे. बारा-पंधरा जणांच्या वर्कशॉपला वेगळं अॅपसुद्धा नको. व्हॉट्सअॅपचा एक ग्रुप, त्यात फक्त धोके आणि दुरुस्तीचे फोटो, आणि भिंतीवर उघड्या नोंदींची यादी, एवढ्याने काम होतं. माणसं वाढली की मात्र ग्रुपमध्ये नोंदी वाहून जातात आणि जखमी सहकाऱ्याचे फोटो बाहेर फिरतात. तेव्हा वेगळं साधन घ्या.

मोजायचं असेल तर पहिलं उत्तर किती वेळात गेलं ते मोजा. किती नोंदी सांगणाऱ्याने स्वतः बंद केल्या, आणि किती वेगवेगळी माणसं बोलली, तेही. एकूण नोंदींची संख्या फारसं सांगत नाही. एखाद्या विभागातून काहीच येत नसेल तर तो सुरक्षित आहे, असं धरू नका. बहुतेक वेळा तिथला सुपरवायझर “हे वर कशाला पाठवलं?” असं विचारत असतो. रात्रपाळी आणि कंत्राटी कामगार यांचे आकडे वेगळे काढा. तेच सगळ्यात धोक्याची कामं करतात आणि सगळ्यात कमी बोलतात. पहिल्या दोन आठवड्यांत, उत्तर द्यायची जबाबदारी असलेल्या माणसाने निदान चार रात्री रात्रपाळीतच घालवाव्यात.

कंत्राटी माणसाच्या पहिल्या दिवशी गेटवर नियमांची फिल्म दाखवून सही घेण्यावर थांबू नका. त्याला एका जुन्या सहकाऱ्यासोबत कामाच्या जागी पाठवा आणि दोघांनी मिळून एक खरी नोंद करू द्या, जे दिसेल त्याची: तुटलेली पायरी, उघडी वायर, झाकण नसलेला खड्डा. आणि ती पायरी दुरुस्त झाल्याचा फोटो तो गेटबाहेर पडायच्या आधी त्याच्या फोनवर पोचला पाहिजे.